खालचे ओरखडे

"तुम्ही आजवर किती जणांना फसवलंत?"

विचारून मोकळी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण दोन्ही पंजे काउंटरच्या काचेवर टेकवले आहेत आणि काचेखालीच 'हात टेकू नये' अशी पाटी आहे. तिने हात उचलले. मागे दहा बोटांचे ठसे राहिले, पोलिसांना द्यावेत इतके स्वच्छ.

जुन्या नाण्यांच्या त्या दुकानाबाहेर दाराच्या काचेला नाक लावून दोन मैत्रिणी उभ्या होत्या. एक वकील. प्रत्येक पैजेचे नियम तीच ठरवायची, 'विचारताना हसलीस तर बाद' वगैरे. दुसरी पेंगी, ती आत्ताही जांभई देत होती. आणि जिने प्रश्न विचारला ती भोंगा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, तिला वक्तृत्वाचा कप आणल्यावर हे नाव पडलं होतं. ते ती कपापेक्षाही अभिमानाने मिरवायची.

नाणेवाल्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या एका डोळ्यावर भिंग होतं आणि दोन बोटांत कडेने धरलेलं एक नाणं.

"फसवलं असं एकालाही नाही," ते म्हणाले. "एकीला फसवीन असं कबूल केलंय. पण ती अजून यायचीये."

"कधी येणार?"

"अठरा वर्षं झाली. वाट बघतोय." त्यांनी भिंग काढून तिच्याकडे बघितलं. "पैज कितीची?"

"दोन आइस्क्रीम."

"मग त्यातलं एक माझं."

बाहेर टाळ्यांचा आवाज झाला. वकिलाने हातानेच 'मान्य' अशी खूण केली आणि पेंगीला ओढत शिकवणीला पळाली. भोंगा गेली नाही. पैज दुकानात शिरण्यापुरती होती. खरं काम तिच्या दप्तरातल्या कंपासपेटीत होतं.

दूरच्या शहरात एक निवासी शाळा होती. तिच्या गच्चीवर घुमट, घुमटात माणसापेक्षा मोठी दुर्बीण. वर्षाला तीस मुलं घेत आणि प्रवेशपरीक्षेत भोंगा सातवी आली होती. पत्र आलं त्या दिवशी आईने ते भिंतीवर टाचलं, पण अशा बेताने की खालचा फीचा आकडा कॅलेंडरच्या मागे जावा.

"नाणं आहे ना," आई म्हणाली.

नाणं म्हणजे बाबांच्या आत्याने लग्नात आईच्या हातावर ठेवलेलं जुनं सोन्याचं नाणं. कपाटात, लोकरीच्या एका मोज्यात ते असायचं. घरात कसलीही अडचण आली, छत गळलं, बाबांचा पुस्तकबांधणीचा कारखाना सहा महिने बंद पडला, की आई हे वाक्य म्हणायची आणि नाणं मोज्यातच राहून अडचण कशीबशी पुढे सरकायची. चार भिंतींइतकाच त्या वाक्याचाही घराला आधार होता. पण एवढी मोठी अडचण पहिल्यांदाच आली होती, आणि बाबा नुसते "रविवारी जातो" म्हणत होते. असे पाच रविवार गेले.

पाचव्या रविवारी आई पातेलं घासत होती. ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होती; दिवसभर परक्यांचे डाग काढून घरी आली तरी तिचे हात थांबत नसत. घासल्याने कधी काही बिघडत नाही, हे तिचं ब्रीद. मागे न वळता ती म्हणाली,

"पोराच्या वेळीही 'जातो, जातो'च केलंत."

बाबा एका जाडजूड पुस्तकाचा कणा शिवत बसले होते. सुई थांबली, मग परत चालू झाली.

पोर म्हणजे भोंग्याचा थोरला भाऊ. तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधी तो एकोणीस दिवस जगला होता. त्याच्या काळजात दोष होता, शस्त्रक्रियेला पैसे हवे होते, आणि बाबांनी नाणं विकलं नव्हतं. हे तिला कोणी बसवून सांगितलेलं नव्हतं. भिंतीत ओल झिरपावी तसं ते घरात झिरपलेलं होतं. बाबा तिचे फार लाडके होते. पण त्या एका जागी आली की तिची माया लंगडायची.

म्हणून मग तिनेच ठरवलं. इकडे सभागृह गाजवायचं आणि तिकडे स्वतःच्या फीसाठी रविवार मोजत बसायचं, हे काही बरं नव्हे. काल दुपारी घरी कोणी नसताना तिने मोज्यातून नाणं काढलं. ते काळपट, उदास दिसत होतं. अशा तोंडाने बाजारात जाऊन कसं चालेल? तिने जुना ब्रश घेतला, त्यावर टूथपेस्ट घेतली आणि हात दुखेपर्यंत घासलं. नाणं असं काही लखलखलं, की तिने ते कपाळावर ठेवून आरशात स्वतःला बघून घेतलं.

"काका," ती आता जरा हळू म्हणाली, "जुन्या नाण्याची किंमत कशी ठरते?"

"ही पण पैज का?"

"नाही. ही माझीच शंका."

नाणेवाल्यांनी खणातून मखमलीचा एक तबकडीएवढा तुकडा काढला आणि त्यावर दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली.

"एकच राजा, एकच साल, वजन तंतोतंत. यातलं एक दुसऱ्याच्या वीसपट किमतीचं आहे. ओळख."

तिने चकचकीत नाण्यावर बोट रोखलं.

"सगळे तेच दाखवतात." त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. "आता बघ. कडेने धर. तोंडावर बोट नको लावूस, बोटाला घाम असतो."

भिंगातून राजा अवाढव्य झाला. ज्याला ती मळकं समजली होती ते नाणं जरा तिरपं केलं, की त्यावरचा उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरत होता. तिने ते चारदा फिरवून बघितलं. चकचकीत नाण्यावर उजेड कुठेच फिरत नव्हता. तो नुसता आपटून परत येत होता, आणि राजाच्या गालभर बारीक रेघा होत्या.

"ठसा पडतो त्या क्षणी धातूवर ते तेज येतं. एकदाच. पुढे हाताळून झिजतं, त्यात काही लाज नाही. राजाची भुवई गेली, कानावरचे केस गेले, तशी किंमत पायरी पायरीने उतरते. पण घासलं, की एकदम तळाला. सोनं घासून उजळतं गं, नाणं घासून मरतं. मग उरतं ते नुसतं वजन."

भोंग्याचा हात दप्तरात होता, कंपासपेटीवर. तो तिथेच राहिला.

"आणि नाणं दुर्मिळ असलं तर?" तिने विचारलं. "मग तरी चालत असेल ना?"

"उलट. पुष्कळ असतात त्यातलं एक बिघडलं तर लोक दुसरं घेतात. पण जगात ज्याची पन्नासच उरलीत, त्यातलं एक कोणी घासून टाकलं, की एकोणपन्नास उरली."

"टूथपेस्टने घासलं तरी?"

नाणेवाल्यांनी चष्मा सारखा केला. "आण इकडे," ते म्हणाले.

तिने कंपासपेटी उघडली. कोनमापक आणि खोडरबर यांच्यामध्ये, रुमालात, ते होतं. नाणेवाल्यांनी ते उचललं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला फांद्या पसरलेलं झाड. त्यांनी आधी साल बघितलं. मग नाणं हळूहळू फिरवून झाडाच्या बुंध्यापाशी कडेला असलेल्या एका बारीक खाचेवर नख ठेवलं.

"तुला कोणी पाठवलं?"

"आईने." ही थाप होती. मोठ्यांचं नाव घेतलं की मोठी माणसं नीट बोलतात, असा तिचा अनुभव होता.

नाणेवाले खुर्चीत ताठ बसले. त्यांनी घसा खाकरला.

"आईला सांग, नाणं फार मोलाचं आहे. पण विकायची घाई करू नका. भाव अजून चढेल. जपून ठेवा."

सगळं एका दमात, एका सुरात. वक्तृत्वाचा कप घरी आणलेल्या मुलीला पाठांतर लगेच ओळखू येतं.

"काका, हे तुम्ही पाठ केलंय."

त्यांनी नाणं मखमलीवर ठेवलं.

"आत्ताच म्हणालात ना, घासलं की तळाला. मी घासलंय. काल." तिचा आवाज उतरत उतरत दोन वर्षांपूर्वीच्या 'हजर'पाशी जाऊन पोचला. "माझ्यामुळे गेलं ना ते? माझी फी होती ती. आणि आई सारखी म्हणते, नाणं आहे ना, नाणं आहे ना..."

नाणेवाले गप्प राहिले असते तर दिलेला शब्द पाळला गेला असता. त्यांनी ओठ मिटून एकदा दाराकडे बघितलं, एकदा तिच्या डोळ्यांतून कंपासपेटीत टपटपणाऱ्या पाण्याकडे. मग भिंग तिच्याकडे सरकवलं.

"लाव. काय दिसतं?"

"ओरखडे." तिने नाक ओढलं. "गोल गोल. शनीच्या कड्यांसारखे."

"ते तुझे. ताजे आहेत, बघ कसे लखलखतायत. आता त्यांच्या खाली बघ. फांद्यांच्या मधे, जिथे तुझा ब्रश पोचला नाही."

तिने नाणं उजेडाकडे नेलं. फांद्यांच्या मधल्या जागेत आणखी ओरखडे होते. जाड, सरळ, सगळे एकाच दिशेने ओढलेले, आणि त्यांच्या धारा केव्हाच बोथट झालेल्या.

"ते जुने," नाणेवाले म्हणाले. "भांडी घासायची पावडर आणि ओलं फडकं. जोर लावून घासलंय. तू काल जे मारलंस ते आधीच मेलेलं होतं, पोरी."

तिने भिंग काढलं नाही. ते हात तिच्या ओळखीचे होते. डावीकडून उजवीकडे, थांबायचं नाही, पातेल्याच्या तळाला असावेत तसे.

"चाळीस वर्षांत या सालाचं नाणं माझ्या दुकानात एकदाच आलं होतं. आज दुसऱ्यांदा आलं. तेच, याच खाचेचं."

"कोणी आणलं होतं?"

"उंच गृहस्थ. बोटांवर खळ वाळलेली."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. नाणेवाल्यांनी तो आवाज पूर्ण संपू दिला.

"मूल दवाखान्यात होतं. मी वजनाचा भाव सांगितला. तो म्हणाला, एवढ्यात नाही भागायचं. मग विचारलं, घासलेलं नसतं तर? आणि मी मूर्ख, सांगून बसलो."

"किती?"

"शस्त्रक्रिया होऊन वर एक घर आलं असतं." त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे हनुवटीने दाखवलं. "त्यावर बसून राहिला. म्हणाला, बायकोने घासलं, बाळ घरी आणलं त्याच दिवशी. बाळाच्या मुठीत द्यायचं तर स्वच्छ नको का, म्हणून. मग नाणं माझ्याकडे ठेवून गेला. बाकीचे पैसे जमवून आणतो म्हणाला. चौथ्या दिवशी आला तो नाणं परत न्यायला. जमवायची गरज उरली नव्हती."

भोंगा त्या स्टुलाकडे बघत होती. साधं लाकडी स्टूल, एक पाय कागदाच्या घडीवर टेकवलेला.

"जाताना म्हणाला, माझी बायको कधी आली, तर तिला सांगा नाणं फार मोलाचं आहे. मी म्हटलं, आणि तुम्ही काय सांगणार तिला? म्हणाला, मी विकायला गेलोच नाही असं सांगेन. ती माझ्यावर चिडेल. चिडून माणूस जगतं हो. दुसरं जे आहे त्याने नाही जगत." नाणेवाल्यांनी नाणं रुमालात गुंडाळलं, कोपरे नीट दुमडले. "तिच्याशी खोटं बोलायचं कबूल केलं होतं. मुलीबद्दल काही बोलणं झालं नव्हतं."

काहीतरी करायला हवं म्हणून ती बाहीने काउंटरच्या काचेवरचे आपले दहा ठसे पुसू लागली. मधेच तिचा हात थबकला.

"पूस, पूस," नाणेवाले म्हणाले. "काच आहे ती. तिला काही होत नाही."

दारापर्यंत जाऊन ती परत फिरली.

"काका, तेव्हा तुम्ही परगावी होतात. चालेल?"

त्यांना समजायला थोडा वेळ लागला.

"किती दिवस?"

"चार."

"चालेल," ते म्हणाले. "कुलूप चांगलं मोठं होतं म्हणून सांग."

घरी आई मोरीपाशी होती आणि बाबा खिडकीच्या उजेडात कणा शिवत होते. रोजचंच चित्र. भोंग्याने रुमाल उलगडला आणि नाणं टेबलाच्या मधोमध ठेवलं. संध्याकाळच्या उन्हात ते पिवळंधमक दिसत होतं.

"अगंबाई, हे कुठे नेलं होतंस?" आई म्हणाली.

"नाणेवाल्यांकडे."

बाबांच्या बोटात सुई गेली. ते ओरडले नाहीत; बोट तोंडात धरून खाली बघत राहिले.

"एकटी गेलीस? बरी आहेस की गं! काय म्हणाले ते?"

अख्ख्या शाळेला पुरेल एवढा आवाज तिच्याकडे होता. तिने तो जमवला.

"म्हणाले, चाळीस वर्षांत या सालाचं दुसरं नाणं त्यांनी पाहिलेलं नाही."

"ऐका!" आई बाबांकडे न बघता म्हणाली. "मी काय सांगत होते?"

"आणि म्हणाले, बाबा तेव्हा गेले होते, नाणं घेऊन. चार दिवस रोज. पण नाणेवालेच परगावी होते, दाराला हे एवढं मोठं कुलूप. परत आल्यावर शेजारच्या घड्याळवाल्याने त्यांना सांगितलं, की एक उंच माणूस रोज येऊन पायरीवर बसायचा. त्यांना अजून वाईट वाटतं."

आईचा हात पातेल्यात थांबला. नळ चालूच होता; पातेलं भरलं, वाहू लागलं. तिने तो बंद केला.

"अहो," ती म्हणाली. एवढंच म्हणायला तिला बराच वेळ लागला. "बोलला का नाहीत?"

बाबांनी आईकडे बघितलं नाही. ते मुलीकडे बघत होते. तिनेही नजर काढली नाही. तिचा चेहरा व्यासपीठावर असतो तसा होता, हनुवटी वर. फक्त हातातला रिकामा रुमाल ती पिळत होती.

"बंद दुकानाचं काय सांगायचं," बाबा म्हणाले.

आई हात पुसत आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर एरवी पुस्तकांचा गठ्ठा असायचा. तो तिने मांडीवर घेतला. बाबांच्या बोटावर रक्ताचा एक थेंब आला होता. तो तिने आपल्या ओल्या अंगठ्याने पुसला. परत आला, परत पुसला. भोंग्याला वाटलं, आपण आत्ता खोलीत नसायला हवं होतं. आणि हेही वाटलं, की आपण इथून कधीच कुठे जाऊ नये.

मग आईने नाणं उचललं. उजेडात धरलं.

"छान उजळलंय. घासलंस वाटतं?" ती हसली, पण डोळे भरलेले होते. "मीसुद्धा घासलं होतं. त्याच्यासाठी."

"हो," भोंगा म्हणाली. "तुझ्यासारखंच घासलं."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

"मग रविवारी तिघं जाऊ या," आई उठत म्हणाली. "आता दुकान उघडं आहे ना. फी भरून टाकू."

भोंगा भिंतीपाशी गेली. तिने पत्राच्या टाचण्या एक एक करून काढल्या, कॅलेंडर सरळ केलं आणि पत्राची घडी घातली. घुमटाचं चित्र आत जाईल अशी.

"आई, बाबा, माझं ठरलंय," ती म्हणाली. "मी त्या शाळेत जाणार नाही. एवढ्या लांब जाऊन तारे कोण बघत बसणार, आपल्या गच्चीवरूनही दिसतात. मी इथेच शिकणार, इथेच परीक्षा देणार, आणि ते नाणं परत मोज्यात ठेवायचं. कधीच विकायचं नाही. कोणी कितीही देऊ करो."

आवाज चांगला चार घरं ऐकू जाईल एवढा लागला होता. शेवटच्या शब्दापाशी मात्र तो 'हजर'एवढाच उरला.